‘माझा टाइपच असा’ म्हणण्याआधी : व्यक्तिमत्त्वाचा प्रकार शोधताना या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली. शेवटची काही वर्षं नव्याने लागलेल्या मुलांचं ट्रेनिंगही माझ्याकडे होतं. दर बॅचमध्ये दोन-चार जण तरी ओळख करून देताना नाव, गाव, शिक्षण आणि स्वभावाच्या टेस्टमधून मिळालेली चार अक्षरं सांगायचे. ‘सर, मी आयएनटीजे.’ अगदी रक्तगट सांगावा तसं. स्वभावाचा विचार करणाऱ्यांवर माझा राग नाही, उलट तो फार थोडे लोक करतात. राग आहे तो एसटीत बसून वीस मिनिटांत मोबाइलवर स्वभाव कळला असं मानणाऱ्यांवर. त्यांच्या बहुतेक चुका मी आधी स्वतः करून बसलोय, म्हणून थोड्या अधिकाराने लिहितो.

आपण नक्की कोणती टेस्ट दिली हेच माहीत नसणं

कार्ल युंगचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक १९२१ साली आलं. त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी प्रश्नावली बांधली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम सुरू झालं, १९६२ मध्ये तिची पुस्तिका छापून निघाली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तीच ही एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर). चार जोड्या : बहिर्मुख की अंतर्मुख (ई-आय), प्रत्यक्ष दिसतं त्यावर भर की अंतःप्रेरणेवर (एस-एन), तर्क की भावना (टी-एफ), नियोजन की मोकळेपणा (जे-पी). प्रत्येकीतलं एक अक्षर घ्यायचं, असे सोळा प्रकार. पण आपल्याकडे बहुतेकांनी ती दिलेलीच नसते. त्यांनी दिलेली असते ती इंटरनेटवरची फुकटची टेस्ट. तिच्यात आतून वेगळंच मोजमाप चालतं आणि वर अक्षरं मात्र तशीच लावलेली असतात. तुमच्या चार अक्षरांपुढे आडवी रेघ आणि पाचवं अक्षर असेल तर तुम्ही दिलेली ती दुसरी. एवढं तरी बघा, मग पुढे बोलू.

मायक्रोमीटरचं काम गेजकडून करून घेणं

हे मला माझ्या धंद्याच्या भाषेतच सांगता येईल. भोकाचं माप तपासायचे दोन मार्ग. एक, गो-नो गो गेज. आत गेला की नाही गेला, एवढंच तो सांगतो. दुसरा, मायक्रोमीटरसारखं आकडा दाखवणारं उपकरण. गेज झटपट असतो, पण त्याला ‘किती’ विचारायचं नसतं.

टाइप सांगणारी टेस्ट हा गेज आहे. एखाद्याला बहिर्मुखतेत शंभरपैकी ४९ आले तर तो अंतर्मुख, ५१ आले तर बहिर्मुख. ५१ वाला आणि ९५ वाला सख्खे भाऊ, आणि ४९ वाला परका! प्रत्यक्षात माणसं उंचीसारखी असतात, बहुतेक जण मधल्या पट्ट्यात. पुण्यातल्या सगळ्यांना साडेपाच फुटांवर रेघ मारून ‘उंच’ आणि ‘बुटके’ अशा दोन जातींत वाटलं तर जे होईल, तेच इथे होतं. खुद्द युंगलाही मधल्या लोकांचाच गट सगळ्यात मोठा वाटत होता. ते वाचायला कुणाला वेळ नाही.

आणि रिपीटेबिलिटी? आमच्याकडे कुठलंही उपकरण लाइनवर घेण्याआधी तोच पीस त्याच माणसाकडून पुन्हा मोजून घेतात. काही अभ्यासांत एमबीटीआय पाच आठवड्यांनी पुन्हा देणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं किमान एक अक्षर बदललेलं आढळलं. असं उपकरण मी नापास मालाच्या लाल पेटीत टाकलं असतं. यात टेस्टची लबाडी नाही. रेघेजवळचा माणूस आज इकडे पडतो, उद्या तिकडे.

म्हणून अक्षर विसरा, टक्के बघा. चाळीस ते साठमध्ये असाल तर त्या जोडीबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नाही असं समजा. आणि टेस्ट द्यायचीच असेल तर मानसशास्त्रातले संशोधक जास्त वापरतात ती पाच गुणांची मोजणी (‘बिग फाइव्ह’) घ्या : नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. तिथे शिक्का मिळत नाही, पाच आकडे मिळतात. मुलांना ती आवडत नाही, कारण पाच आकड्यांचा टी-शर्ट छापता येत नाही.

टाइपचा परवाना करणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून सविस्तर.

एका वर्षी कंपनीने आम्हाला दोन दिवस लोणावळ्याला नेलं. बाहेरून आलेल्या ट्रेनरने प्रत्येकाच्या गळ्यात अक्षरांचं कार्ड अडकवलं. माझं ईएसटीजे. मी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि पुढची दोनेक वर्षं आरटीओच्या लायसन्ससारखं वापरलं. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणाला चारचौघांत सोलून काढलं की वर म्हणायचो, ‘मी तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही. माझा टाइपच तसा.’ आपल्याकडे स्पष्टवक्तेपणाला आधीच फार मान आहे. त्याला शास्त्राचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मग काय विचारता! वास्तविक त्यातलं ‘टी’ हे अक्षर निर्णय तर्काने घेता की भावनेने, एवढंच सांगतं. ओरडण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. पण हे शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण मला सोयीचं ते मिळालं होतं.

जुन्नरकडचा एक मुलगा नुकताच लागला होता. एकदा त्याने मापाबद्दल काही शंका विचारली आणि मी सगळ्यांसमोर ‘डोळे आहेत की बटणं?’ असं विचारून मोकळा झालो. महिन्याभराने सेकंड शिफ्टला त्याला गो गेज भोकात जरा सैल जातोय असं जाणवलं. गेज झिजला होता. झिजलेला गो गेज लहान भोकातही आरामात जातो, म्हणजे नापास पीस पास होतात. मुलाला नेमकं कळलं होतं. कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजच तपासून घ्यायची तारीख नऊ दिवसांवर होती. त्याने ठरवलं, तेव्हा आपोआप सापडेल, कशाला साहेबाच्या तोंडी लागा. म्हणून तो गप्प बसला.

आठव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या लाइनवर पिन आत जाईना. आम्ही चौघे तीन रात्री त्यांच्या गेटबाहेरच्या शेडमध्ये बसून एकेक पीस तपासत होतो. सहा हजारांच्या वर माल होता. तिसऱ्या रात्री चहा पिताना तो मुलगा म्हणाला, ‘सर, मला आधीच वाटलं होतं. पण तुम्ही...’ पुढे बोलला नाही. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. रागच आला, ‘मग सांगितलं का नाहीस’ म्हणून. घरी जाऊन झोपलो, दुपारी उठलो, तेव्हा लाज वाटली. काचेखालचं कार्ड काढलं. फेकलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं. एवढा धीटपणा तेव्हा नव्हता.

या चुकीच्या मुळाशी आणखी एक साधी गफलत असते. ‘मी गप्प बसतो, कारण मी अंतर्मुख आहे.’ अंतर्मुख कशावरून? ‘गप्प बसतो ना!’ ताप का आला, तर अंग गरम आहे म्हणून, असं सांगणाऱ्या डॉक्टरला आपण फी दिली असती का? टाइप हे वागण्याला दिलेलं नाव आहे. त्याला कारणाच्या जागी बसवलं की खरं कारण शोधायचं काम बंद पडतं.

यावर मी एकच करतो : ‘माझा टाइपच असा’ हे वाक्य तोंडातून काढत नाही. आणि कुणी बोलत असताना पेनाचं टोपण लावलेलं ठेवतो. त्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय टोपण काढायचं नाही. कुठल्या पुस्तकात नाही हे, पण माझं तोंड त्यामुळे बंद राहतं.

वर्णन जुळलं म्हणून टेस्ट खरी मानणं

‘सर, अगदी माझंच लिहिलंय!’ हो, आणि शेजारच्याचंही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं. मुलांनी अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं फोररने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती.

मी हा प्रयोग दर बॅचवर करायचो. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आत बरंच काही चालू असतं’, ‘तुमच्या क्षमतेचा पुरता उपयोग अजून झालेला नाही’ अशा चार-पाच ओळी. मुलं माना डोलवायची. एकदाच एक मुलगी गुण द्यायच्या आधी शेजारणीचा कागद ओढून वाचू लागली. तिला मी क्वालिटीत घेतलं. बाकीचे प्रॉडक्शनला.

उपाय तोच. आपलं वर्णन वाचलं की उरलेल्या पंधरांपैकी कुठलीही तीन वाचायची. तीही जुळली तर मोबाइल खिशात.

ऑफिसातला मी म्हणजेच मी असं धरून चालणं

मला नियोजनप्रिय ठरवणारं अक्षर मिळालं, कारण टेस्ट देताना डोळ्यांपुढे कारखाना होता. तिथे माझ्या प्रत्येक गेजची तारीख फळ्यावर असायची. घरी मी विजेचं बिल शेवटच्या रात्री भरतो आणि गॅसचा नंबर सिलिंडर संपल्यावर लावतो. मग मी कोण?

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हाच मुद्दा काढून बरीच खळबळ उडवली : एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचं वागणं फारसं सांगता येत नाही. पुढे उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं निरीक्षण करताना त्याला आणि युइची शोडाला दिसलं की ठरावीक प्रसंगी ठरावीक वागणं मात्र टिकून असतं. एक मूल बरोबरीच्यांनी चिडवलं की भडकतं, मोठे रागावले तर नाही. दुसऱ्याचं बरोबर उलट. ‘तापट’ हा शिक्का दोघांनाही बसेल, आणि दोघांबद्दलही काही सांगणार नाही.

तेव्हा वहीत टाइप लिहू नका, जर-तर लिहा. ‘जर माझ्यापेक्षा वयाने लहान माणसाने चूक दाखवली, तर मी आवाज चढवतो.’ तारीख, वेळ, जागा. विशेषणं बंद. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणं दिली आहेत आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची. तिथे मूर्ख नावाचा एक ठरलेला प्राणी नाही. अमुक करतो तो एक मूर्ख, तमुक करतो तो एक मूर्ख, अशी नुसती कृत्यांची यादी आहे. वाचताना आज चार ठिकाणी आपण सापडतो, उद्या दुसऱ्या सहा ठिकाणी. सोळा पेट्यांपेक्षा हे मला जास्त पटतं, शिवाय त्यात स्वतःचं कौतुक सापडायची सोय नाही. वही मात्र दोन महिने तरी चालवा. चार दिवसांत ‘सर, पॅटर्न दिसत नाही’ म्हणत येणाऱ्याला मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

फुटकळ

मनासारखं अक्षर येईपर्यंत टेस्ट पुन्हा पुन्हा देणं. याला आमच्यात डेटा शिजवणं म्हणतात.

भांडण झाल्याच्या रात्री टेस्ट देणं. रविवारी सकाळी पोहे खाऊन द्या.

चित्रात आधी झाड दिसलं की चेहरा, यावरून स्वभाव. यावर मी बोलणार नाही.

टाइप बघून माणूस नोकरीवर घेणं. ज्यांची टेस्ट आहे ती कंपनीच सांगते की भरतीसाठी वापरू नका.

लग्नाच्या बायोडाटात पत्रिकेच्या जागी अक्षरं. छत्तीस गुणांनी काय कमी घोळ घातले होते?

बारा वर्षांच्या पोराला ‘तू इन्ट्रोव्हर्ट आहेस’ सांगणं. हे करू नकाच. पोर ऐकतं.

घरच्यांना न विचारणं

स्वतःच्या आतल्या गोष्टी, म्हणजे धास्ती, काळजी वगैरे, आपल्याला इतरांपेक्षा बऱ्या कळतात. पण जिथे चांगलं-वाईट ठरतं, म्हणजे हुशारी किंवा सर्जनशीलता, तिथे मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर निघतो. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये हे दाखवलं. मला ते पटायला अभ्यासाची गरज नव्हती, घरात बायको होती.

तिला मी वही दिली आणि म्हणालो, ‘मी कधी चिडतो ते लिही.’ ती म्हणाली, ‘अहो, आत्ता विचारताय?’ मग पाच मिनिटांत दोन ओळी लिहून दिल्या. भूक लागलेली असताना. आणि ऑफिसच्या फोननंतर पहिल्यांदा जो कुणी काही विचारेल त्याच्यावर. साठेक प्रश्नांच्या टेस्टमध्ये भुकेबद्दल एकही प्रश्न नव्हता. तेव्हापासून संध्याकाळी मी दारात चपला काढत असतानाच ती शेंगदाण्याचा लाडू हातात देते, आणि तो संपेपर्यंत विजेच्या बिलाचा विषय काढत नाही.