आधी वहीत, मग पडद्यावर: ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा इम्युलेटर वर्गात वापरताना

सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरा वर्षं गणित शिकवलं ते लॉगटेबलाच्या भरवशावर. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून वर्गातही कुणी तो काढत नसे. मग पुण्यात आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) शाळेत आले आणि बघते तर मुलांच्या कंपासपेटीशेजारी ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा. आयबी डिप्लोमाच्या गणिताचा २०१९ पासूनचा अभ्यासक्रम असा की दोन कोर्सपैकी ‘अ‍ॅनॅलिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’चा फक्त पहिला पेपर कॅल्क्युलेटरविना असतो, आणि ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ला तर सगळेच पेपर कॅल्क्युलेटर घेऊन. कॅसिओने पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर १९८५ साली आणला तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या हातात तो पडायला चाळिशी उजाडली.

शाळेच्या लॅपटॉपवर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस सीई या कॅल्क्युलेटरचा इम्युलेटर होता, ‘टीआय-स्मार्टव्ह्यू सीई’. इम्युलेटर म्हणजे तोच कॅल्क्युलेटर जसाच्या तसा पडद्यावर: तीच बटणं, तोच मेन्यू, तीच एररसुद्धा. पहिल्या तासाला मी हौसेने लॅपटॉपच्या कीबोर्डवरून भराभरा समीकरणं टाकली, सहा आलेख काढले, छेदनबिंदू दाखवले. मुलं खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता हेच तुमच्या तुमच्या कॅल्क्युलेटरवर करा. बावीसपैकी चौघांना जमलं. बाकीच्यांनी आदल्या दिवशी सिनेमा बघितला होता.

तिथून पुढे दोनतीन वर्षं धडपडून जे हाती लागलं ते सांगते. (इथे एक्स-वायऐवजी क्ष-य लिहितेय, जुन्या पुस्तकांसारखं.)

पहिली गोष्ट, कीबोर्डला हात लावायचा नाही. पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचं एकेक बटण माऊसने दाबायचं, आणि दाबण्याआधी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं: “सेकंड, मग ट्रेस, मग पाच.” वेळ लागतो, लागू द्या. दाबलेल्या बटणांची रांग बाजूला उमटत जाईल अशी सोय स्मार्टव्ह्यूमध्ये आहे. ती कायम उघडी ठेवा. मागे पडलेलं पोर तुम्हाला न थांबवता त्या रांगेवरून वाट शोधतं. उणे चिन्हाचा घोळही याच रांगेत सापडतो. वजाबाकीचं बटण उजव्या कडेला अधिकच्या वर असतं आणि ऋण संख्येचं, कंसातल्या उण्याचं, खाली एंटरच्या डावीकडे. एकाच्या जागी दुसरं दाबलं की बहुतेकदा सिंटॅक्स एरर. फळ्यावर दोन्ही उणी सारखीच दिसतात, म्हणून वर्षानुवर्षं तोंडाने सांगून उपयोग झाला नव्हता. रांगेत दोन वेगळी बटणं दिसली आणि प्रश्न मिटला.

दुसरी, तासाच्या आधी कॅल्क्युलेटर कोरा करून ठेवायचा. इम्युलेटरची स्थिती फाइल म्हणून जपता येते. मी दर वर्गाची वेगळी फाइल ठेवते, नाहीतर अकरावीच्या तासाला बारावीची समीकरणं निघतात. सांख्यिकीच्या तासानंतर ‘प्लॉट १’ चालू राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी साधी सरळ रेषा काढायला गेलं तरी ‘इनव्हॅलिड डायमेन्शन’ येऊ शकतं आणि अख्खा वर्ग तुमच्याकडे बघतो. समीकरणांच्या पानावर सगळ्यात वरच्या ओळीत प्लॉट १ उजळलेला दिसेल. बाण वर नेऊन एंटर दाबला की बंद. हे मात्र मी मुद्दाम एकदा वर्गात होऊ देते, कारण परीक्षेत ते कुणाच्या तरी बाबतीत होणारच असतं.

प्रोजेक्टरचं एक. आमच्या खोलीतला दिवा म्हातारा झालाय, फिकट रंग भिंतीवर पोचतच नाहीत. समीकरणाच्या डावीकडे रंग आणि जाडी बदलायची खूण असते, तिथून काळा आणि लाल, जाड रेघ निवडा. वर्गात एखाद्याला लाल-हिरवं ओळखू येत नसेल तर एक आलेख तुटक ठेवा.

आता मुख्य मुद्दा. ग्राफचं बटण दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत आलेखाचं रेखाटन केलेलं असलं पाहिजे. चुकीचं चालेल, कोरं नाही. मी दोन मिनिटं बाकांमधून फिरते आणि मगच दाबते. वहीतलं आणि भिंतीवरचं जिथे जुळत नाही तिथून माझा तास सुरू होतो, म्हणून उदाहरणंही न जुळणारीच निवडते.

माझं लाडकं उदाहरण य = २^क्ष आणि य = क्ष². कितीदा छेदतात? झूम ६ दाबलं की दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशी नेहमीची चौकट येते आणि तिच्यात दोन छेदनबिंदू दिसतात, एक डावीकडे ऋण बाजूला आणि एक क्ष = २ वर. वर्ग म्हणतो, दोन. मी म्हणते, बरं. मग विचारते, चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर पडताना वर कोण होतं? क्ष². क्ष = ३ ला ९ आणि ८. आणि क्ष = १० ला? १०० आणि १०२४. मग मधे कुठेतरी...? इथे मी गप्प बसते. मागच्या बाकावरून कुणीतरी “अरे, चार!” असं ओरडेपर्यंत. (४, १६) हा बिंदू होताच, फक्त चौकटीच्या बाहेर. विंडोत जाऊन क्ष −२ ते ५ आणि य −२ ते २० करा, तिन्ही दिसतात. डावीकडच्यासाठी सेकंड, ट्रेस, ५, मग पहिला वक्र, दुसरा वक्र, आणि ‘गेस’ विचारल्यावर कर्सर त्या बिंदूजवळ नेऊन एंटर. उत्तर −०.७६६६६४७. गेसला नुसतंच एंटर मारत सुटलात तर यंत्र त्याला सोयीचा बिंदू देतं, तुम्हाला हवा तो नाही. हेही करून दाखवा.

डिग्री-रेडियनचा धडा मला एका चुकीने दिला. साइन क्ष भागिले क्ष याची शून्याजवळची किंमत दाखवायची होती. टेबल सेटमध्ये स्वतंत्र चल ‘आस्क’वर ठेवलं, म्हणजे आपण देऊ त्याच क्षची किंमत मिळते, आणि ०.१ दिलं. यायला हवं ०.९९८३३. आलं ०.०१७४५. ०.०१ दिलं, तेच. ०.००१, तेच. आदल्या तासाला भौतिकशास्त्राच्या सरांनी तोच लॅपटॉप वापरून मोड डिग्रीत सोडला होता. मी गडबडीने मोड बदलायला गेले तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मिस, थांबा ना, हा आकडा कुठला आहे?” मोड तसाच राहू दिला. तिनेच १८० ने गुणलं, ३.१४१ आलं. वर्गात एक क्षण शांतता, मग कुजबुज. रेडियन का वापरायचं हे मी सांगलीत दर वर्षी व्याख्या लिहून सांगायची आणि मुलं ती पाठ करायची. बारावीला साइन क्ष अंशाच्या विकलजात π/१८० कुठून येतो याचं उत्तरही याच तक्त्यात आहे. आता दर वर्षी मी मोड मुद्दाम डिग्रीत ठेवूनच सुरुवात करते. शेवटी क्ष = ० द्यायला विसरू नका. तक्त्यात ‘एरर’ येतं, आणि सीमा आणि किंमत यांतला फरक त्या एका शब्दावरून समजावता येतो.

तिसरा प्रयोग जरा खोडसाळ आहे. मोड रेडियनमध्ये, विंडोत क्ष ० ते २π, य −२ ते २. य = साइन(२६५क्ष). वहीत काय काढणार? २६५ लाटा, म्हणजे जवळपास काळा पट्टा. ग्राफ दाबा. भिंतीवर एक सुरेख, सावकाश लाट येते, हुबेहूब साइन क्ष! दुसऱ्या ओळीत साइन क्ष टाकून बघा, दोन्ही एकावर एक बसतात. मुलं आधी हसतात, मग चिडतात.

कारण पडद्याच्या रचनेत आहे. सीईच्या आलेखाच्या भागात आडवे २६५ ठिपके असतात, म्हणजे मधे २६४ अंतरं. यंत्र दर ठिपक्यापाशी एकदाच किंमत काढतं आणि ठिपके जोडत जातं. दर पावलाला क्ष २π/२६४ ने वाढतो, म्हणून २६५क्ष वाढतो २π अधिक २π/२६४ ने. पूर्ण फेरा साइनला जाणवत नाही, उरते ती वाढ साध्या क्षइतकीच. झूम ४ दाबल्यावर चौकट −६.६ ते ६.६ अशी विचित्र का येते तेही इथेच उलगडतं: १३.२ भागिले २६४ म्हणजे नेमकं ०.०५. जुन्या काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसवर ९५ ठिपके असतात, तिथे साइन(९५क्ष) घ्या. आता क्षची वरची मर्यादा २π/१० करा. लपलेल्या लाटा बाहेर येतात, साडेसव्वीस मोजता येतात.

हा प्रयोग केल्यापासून “मिस, कॅल्क्युलेटरने असंच दाखवलंय” हे वाक्य माझ्या वर्गात जरा चाचरत येतं.

लंबरेषांचं पटकन सांगते. य = २क्ष + १ आणि य = −क्ष/२ + ३ झूम ६ मध्ये काटकोनात दिसत नाहीत, झूम ५ नंतर दिसतात. पडदा चौरस नाही, एवढंच. पाच मिनिटांत उरका.

कॅसिओवाल्या मुलांना विसरू नका. माझ्याकडे दर वर्षी चारपाच जण एफएक्स-सीजी५० घेऊन येतात आणि भिंतीवरची बटणं त्यांच्या हातात नसतात. फळ्याच्या कोपऱ्यात मी त्यांच्यासाठी खडूने लिहून ठेवते: शिफ्ट, एफ५ म्हणजे जी-सॉल्व्ह, तिथे एफ१ला मूळ, एफ५ला छेदनबिंदू. उरलेलं ते एकमेकांना शिकवतात, माझ्यापेक्षा बरं.

ज्यांच्या शाळेकडे परवाना घ्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी: नमवर्क्स या दुसऱ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. जिओजेब्रा आणि डेसमॉस ही आलेख काढायची अ‍ॅप्स उत्तमच आहेत, पण ती इम्युलेटर नव्हेत. तिथे हाताला बटणांची सवय लागत नाही, आणि वरची साइनची गंमत तशीच्या तशी दिसेल याची खात्री धरू नका. वॅबिटइम्यू, सीइम्यू असे मोफत इम्युलेटरही आहेत, मात्र त्यांना कॅल्क्युलेटरचा रॉम, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची प्रत, लागतो. तो स्वतःच्या यंत्रातून काढायचा. कुठूनतरी उतरवून घेतलेला रॉम शाळेच्या लॅपटॉपवर टाकू नका, त्यावर कंपनीचा हक्क असतो. बोर्डाच्या कॉलेजात शिकवणारी माझी सांगलीची मैत्रीण फुकटच्या सिम्युलेटरवर धड्यागणिक एकच आलेख दाखवते. मुलांकडे यंत्र नाही, त्यामुळे वहीतलं रेखाटन ती माझ्यापेक्षा कडक तपासते.

परीक्षेआधीचे दोन आठवडे प्रोजेक्टर बंद. माऊसने दाबलेलं बटण आणि बोटाने शोधलेलं बटण यांत फरक असतो, मुलांना तेवढा वेळ स्वतःच्या यंत्राशी द्यावा लागतो. त्यातच परीक्षा-मोडची तालीम घ्या: कॅल्क्युलेटर बंद करून डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकदम दाबून धरायचे. या मोडमध्ये साठवलेले प्रोग्राम बंद होतात. एका मुलाने वर्षभर लिहिलेले आपले प्रोग्राम पुसले गेले असं वाटून त्याला रडू फुटलं होतं. केबलने दुसऱ्या कॅल्क्युलेटरला किंवा कॉम्प्युटरला जोडून परीक्षा-मोडमधून बाहेर पडलं की ते परत येतात. हे रविवारी घरी करून बघायला सांगा, पेपरच्या दिवशी सकाळी नको.