झाडपाल्याची नोंद: ‘करतात’ एका रकान्यात, ‘करायचे’ दुसऱ्यात

बेळगाव जिल्ह्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात किंवा चिकोडी-निपाणीकडच्या मळ्यांत, झाडपाल्याची माहिती जमवायला निघालं की पहिल्याच दिवशी वही भरते. कुडा जुलाबावर, अडुळसा खोकल्यावर, निगडी सुजेवर. एवढ्यासाठी गावात जायची गरज नव्हती. अशी यादी छापील पुस्तकात आयती मिळते. गावातच मिळेल अशी माहिती वेगळी असते: कुणी वापरलं, झाडाचा नेमका कोणता भाग, किती, कसा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी. तो उपयोग आज चालू आहे, सासूच्या काळात बंद पडला, की परवा मोबाइलवरून आला, हे लिहिलं नसेल तर दोनशे झाडांची यादीही वीस वर्षांनी कुणाच्या कामाची राहत नाही.

एक उपयोग, एक पान

झाडामागे एक पान ठेवू नका, उपयोगामागे ठेवा. पळसाचे चार उपयोग निघाले तर चार पानं. पत्रावळी बंद पडल्या असतील आणि फुलांचा रंग अजून चालू असेल, तर दोन्ही एका पानावर आले की काळाचा गोंधळ झालाच म्हणून समजा.

प्रत्येक पानावर काळाची खूण करायची ती चारपैकी एकच. ‘चालू’ म्हणजे सांगणाऱ्याने गेल्या वर्षभरात स्वतः केलंय. ‘बंद’ म्हणजे स्वतः केलं होतं किंवा घरात होताना डोळ्यांनी पाहिलं होतं, आता होत नाही. ‘ऐकीव’ म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं, स्वतः पाहिलेलं नाही. ‘नवं’ म्हणजे टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप, शिबिर किंवा दुकानदाराकडून अलीकडे आलेलं. ‘नवं’ गाळायचं नाही. गुळवेलीचा काढा कोरोनाच्या काळात घरोघरी पोचला, ती आजची खरी स्थिती आहे. फक्त ती ‘आमच्या आज्यापासून’ या रकान्यात जाऊ नये. नरक्या या घाटातल्या झाडाचं तसंच आहे. त्यातून कॅम्प्टोथेसिन निघतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात, म्हणून घाटात त्याची तोड झाली. ही बाजाराची मागणी, गावचा उपयोग नव्हे. गावात त्याचा जुना उपयोग सांगणारा कुणी भेटला तर त्याचं पान वेगळं करा.

‘बंद’ असेल तर साल विचारून उत्तर मिळत नाही, प्रसंग विचारावा लागतो. कोयनेचा भूकंप (डिसेंबर 1967), बाहत्तरचा दुष्काळ, हिडकल धरणात गावं गेली ती वेळ, 86 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, गावात लाइट आली ते, बाईमाणसांत तर ‘माझ्या लग्नाआधी की नंतर’. अशा दोन खुंट्यांच्या मधे उत्तर अडकवलं की दहा वर्षांच्या आत काळ सापडतो. मग बंद का पडलं तेही लिहा, पण ते स्वतः ठरवू नका. झाडच उरलं नाही, जंगलात जायला बंदी आली, दुकानात तयार मिळू लागलं, करणारी म्हातारी गेली, करायला वेळ नाही, ही पाच कारणं पाच वेगळ्या गोष्टी सांगतात. बांधावर तणनाशक मारल्यापासून टाकळा-कुरडू मिळत नाही असं सांगणारीची भाजीची आवड कमी झालेली नसते.

विचारायचं कसं

झाड दाखवून ‘हे कशाला चालतं?’ असं विचारू नका. माणूस काहीतरी सांगून मोकळा होतो, आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून ऐकीव माहितीही स्वतःची म्हणून देतो. उलट्या बाजूने या. ‘आज्जी, पोरगं रात्री तापलं तर काय देत होतासा?’, ‘बाळंतिणीला पहिल्या पाच दिवसांत काय करून घालतासा?’, ‘म्हैस फुगली तर काय पाजतासा?’ आधी दुखणं, रांधप किंवा शेतातलं काम, मग त्यात झाड. जनावरांची औषधं, दावी-दोर, औताचं लाकूड, इरलं, कारवीच्या कुडाच्या भिंती, पत्रावळी, मासे गुंगवायला गेळफळ, हे सगळं उपयोगातच येतं. नुसती औषधं जमवणाऱ्याकडून निम्मी माहिती निसटते.

बाळंतपणाचं आणि लहान मुलांचं बायकांनीच बायकांना विचारावं. घरातला कर्ता पुरुष पुढ्यात बसून उत्तरं देत असेल तर ते पान त्याच्या नावावर ‘ऐकीव’ म्हणून जातं, आजीच्या नावावर नाही. गवळी धनगरांच्या वाड्यावर दुपारी गेलात तर जाणती माणसं गुरांमागे असतात. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा. आणि शक्य तेव्हा बसून न बोलता चालत बोला. शिवारात फिरताना झाड दिसलं की आठवण आपोआप येते, आणि ‘हे ते नव्हे, ते पाण्याकडेला असतं’ अशी दुरुस्तीही तिथेच मिळते.

एकाच झाडाबद्दल निदान तिघांना वेगवेगळं गाठा. तिघे एकत्र बसले की सगळ्यात वयस्काचं उत्तर तिघांचं होतं.

नावं: ऐकलं तसं

इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि घाटाकडे कोकणीही बोलतात. सगळी नावं घ्या, आणि कोणतं नाव कुणाच्या तोंडचं ते लिहा. निगडीला कन्नडात लक्कि, कडुनिंबाला बेवु, आवळ्याला नेल्लि, पळसाला मुत्तुग. कन्नड नाव जाणत्या माणसाकडून कन्नड लिपीत लिहून घ्या. त्या भाषेतले ऱ्हस्व ए आणि ओ आपल्या नेहमीच्या देवनागरीत हरवतात. सांगणाऱ्याने ‘निगडी’ म्हटलं तर त्याचं ‘निर्गुंडी’ करू नका. शुद्ध नाव शेजारच्या रकान्यात.

नावावरून झाड ठरवणं हा या कामातला सगळ्यात महाग पडणारा घोटाळा. ब्राह्मी म्हणून कुणी ओंदेलग दाखवतं, म्हणजे गोल, कातरलेल्या कडांचं एकेक पान असलेली जमिनीलगतची वेल. कुणी नीरब्राह्मी, म्हणजे ओलीत वाढणारी, जाडसर बारीक पानांची. दोन्ही बरोबर, झाडं मात्र दोन. कुड्याचं त्याहून नाजूक, कारण पोटाच्या दुखण्याला साल हवी असते पांढऱ्या कुड्याची आणि तिच्या जागी काळ्या कुड्याची साल सर्रास येते. चीक पाहून ओळखायला जाऊ नका, दोघांनाही पांढराच चीक आहे. फुलात पाहा: काळ्या कुड्याच्या फुलाच्या तोंडाशी झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्याच्या फुलात ते नाहीत. शेंगा जोडीने दोघांच्याही लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. त्याची पानं वाळताना काळपट पडतात, हे दाबून ठेवलेल्या नमुन्यातही कळतं. फूल-शेंग नसताना नुसत्या सालीवरून ‘कुडा’ लिहिलं असेल तर शेजारी ‘ओळख कच्ची’ असा शेरा मारा आणि हंगामात परत जा.

भाग, माप आणि कृती

‘मूळ’ म्हटलं की थांबा. मुळाची साल, आख्खं मूळ, की कंद? ओलं की सुकं? कोणत्या महिन्यात काढलं? साल असेल तर खोडाची की फांदीची? झाड पुन्हा भरून येईल असं काढतात, की मुळासकट उपटतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आजी-नातवाचं वेगळं आलं, तर तीच मोठी नोंद.

मापं बोटांत आणि भांड्यांत असतात: चिमूट, मूठ, ओंजळ, चार बोटं लांब तुकडा, चार कपाचा एक कप आटवलेला काढा. त्यांचं मनाने ग्रॅममध्ये रूपांतर करू नका. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा घेऊन जा, त्यांनाच तीनदा मूठ भरायला सांगा, तिन्ही वजनं लिहा. सरासरी नंतर काढता येते, तिन्हींतला फरक नंतर सापडत नाही. जुनी माणसं तोळ्यात सांगतात, तोळा 11.66 ग्रॅमचा.

बाळगुटीत हे सगळं एकत्र येतं, म्हणून सरावाला तीच घ्या. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड असे जिन्नस सहाणेवर आईच्या दुधात उगाळतात आणि माप असतं वेढ्यांचं, म्हणजे सहाणेवर फिरवलेल्या फेऱ्यांचं: याचे दोन वेढे, त्याचा एक. पण वेढा म्हणजे किती, हे सहाण किती खरखरीत, हात किती दाबून फिरतो, जिन्नस जुना की नवा, यावर ठरतं. म्हणून ज्या घरी माहिती घेता तिथेच, त्यांच्याच सहाणेवर, एकेक जिन्नस वेगळा उगाळून घ्या. आधी कोरडा तुकडा तोला, वेढे दिल्यावर तो पुसून, सुकवून पुन्हा तोला. झिजलं तेवढं माप. ओला तुकडा तोललात तर पाणी शोषल्यामुळे वजन वाढलेलंही दिसेल आणि आकडा उलटा येईल. बाळाचं वय, कोणत्या दिवशी सुरू करतात, वेढे कधी वाढवतात, काय झालं की थांबवतात, हे सगळं त्याच पानावर. शेवटी जिन्नस कुठून आला ते: जंगल, परसू, शेजारीण की बेळगावच्या बाजारातलं काष्ठौषधीचं दुकान. गुटीत अतिविष असेल तर ते हिमालयाकडून दुकानात आलेलं असतं, म्हणजे परंपरा इथली आणि माल बाहेरचा. मुरडशेंग पूर्वी रानातून आणायचे आणि आता विकत आणतात, तर तोही बदल ‘चालू’ पानावर लिहायचा.

बिब्बा, गुंज, धोत्रा, रुईचा चीक अशा जहाल गोष्टींची कृती अर्धी मिळाली तर माप कुठेही छापू नका. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तरी फोड येतात. घेण्याआधी त्यावर काय संस्कार करतात, हा भाग सांगणारे बहुतेक वेळा ‘ते काय, सगळ्यांना माहीत असतंय’ म्हणून गाळतात. नेमकं तेच माहीत नसलेला माणूस तुमची वही वाचणार असतो.

नमुना दाबणं, तेही पावसात

झाडाची ओळख पटवता यावी म्हणून फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवायची. फूल किंवा फळ असलेली 30 सेंटीमीटरच्या आसपासची फांदी, एकाच झाडाच्या तीन. दाबायच्या आधी फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, जागा लिहून घ्या. सुकल्यावर यातलं काही राहत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते. वहीतला, फोटोतला आणि चिठ्ठीवरचा क्रमांक एकच. वर्तमानपत्रात एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजूही दिसेल. पहिला आठवडाभर रोज कागद बदला.

जून ते सप्टेंबर कणकुंबीकडे कागदच सुकत नाहीत आणि तीन-चार दिवसांत बुरशी धरते. तेव्हा फांद्या कागदात घालून गठ्ठा बांधा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मेथिलेटेड स्पिरिट ओतून कागद पुरते भिजवा आणि पिशवी घट्ट बंद करा. असा गठ्ठा काही आठवडे टिकतो, घरी आल्यावर सुकवायचा. रंग जातो, आकार राहतो. चुलीपाशी, बिडीपाशी ही पिशवी नेऊ नका. मांसल पानं-कंद दाबातही जगतात आणि पानं गाळतात. ते आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा. सुकलेला नमुना 28 × 42 सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवा किंवा चिकटवा, आणि बेळगावच्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्या.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही; तिथे फोटोवर भागवा. फोटो पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ, साल आणि उभं झाड असे, शेजारी पट्टी ठेवून.

जुनी कागदपत्रं

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 21 वा खंड, बेळगाव, 1884 चा. कूकने इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही पाहा, पण दोन गोष्टी सांभाळून. तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यात चंदगडही होतं, ते 1956 साली वेगळं झालं; आणि आज बेळगाव शहरात असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. त्यामुळे ‘बेळगाव’ म्हणजे आजचाच जिल्हा असं धरू नका. दुसरं, शास्त्रीय नावं बदलली आहेत: टाकळा तिथे कॅसिया टोरा, आज सेन्ना टोरा. जुनं नाव तसंच उतरवा, आजचं शेजारी.

घरातल्या वह्या, वैदूंची बाडं कधी मोडीत निघतात. मूळ वही घरी नेऊ नका. कोऱ्या पानांसकट सगळ्या पानांचे फोटो तिथेच काढा आणि मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. जमिनीच्या उताऱ्यात किंवा बोलण्यात येणारी शेतांची नावंही टिपा. ‘हिरड्याची पट्टी’ म्हणतात आणि तिथे हिरडा नाही, हा विचारायला चांगला धागा असतो.

परवानगी आणि प्रत

जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याखाली ग्रामपंचायतीची समिती लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवते; काम सुरू करण्याआधी पंचायतीला पत्र द्या, आणि ते कन्नडमध्ये द्या म्हणजे टेबलावर पडून राहणार नाही. सांगणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत घ्या: नाव घालायचं का, आवाज ठेवायचा का, हे औषध छापायचं की वहीपुरतं. ‘गुरूने सांगू नको म्हटलंय’ असं कुणी म्हणालं तर पान तिथेच संपतं. दुर्मीळ झाडाची जागा गावापर्यंतच लिहा. मोबाइलने फोटोत घातलेले अक्षांश-रेखांश छापायच्या आधी काढून टाका.

लिहून झालेलं पान सांगणाऱ्याला वाचून दाखवा, शक्यतो दुसऱ्या हंगामात. तो काही बदलेल. जुनं खोडू नका. खाली तारीख घालून नवं लिहा, कारण माणसाच्या आठवणीतला बदलही याच वहीचा विषय आहे. एक प्रत त्या घरात, एक पंचायतीत, एक तुमच्याकडे. आवाजाच्या फाइलला मोबाइलने दिलेलं नाव ठेवू नका. गाव, तारीख आणि पानाचा क्रमांक एवढं नावातच असू द्या.