वॉर सीनवर असिस्टंट म्हणून लागताय? आधी ओमाहा बीच म्यूट करून बघा

युद्धाच्या पिक्चरवर काम मिळालं की नवीन पोरं पहिलं विचारतात, बॉम्ब कसे उडवतात? अरे ते बॉम्बवाले बघतील, त्याचं लायसन्स त्यांच्याकडे असतं, तुमच्याकडे नाही. तुमच्या वाट्याला येणार ती मागची माणसं, म्हणजे जुनिअर आर्टिस्ट, आणि खरा सीन तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

मी या लाईनीत आलो तेव्हा एका सिनियरने 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला ओमाहा बीचचा सीन आवाज बंद करून बघायला लावला होता, तेच मी आता सगळ्यांना सांगतो. टॉम हँक्सकडे बघायचंच नाही, मागे बघायचं. लढाई झाली फ्रान्समध्ये नॉर्मंडीला 1944 साली, पण हे शूट झालं 1997 मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळच्या किनाऱ्यावर, हजाराच्या वर माणसं होती आणि त्यातले बरेच आयरिश आर्मीच्या रिझर्व्हमधले, म्हणून तर पळताना रायफल काठीसारखी धरलेला कोणी दिसत नाही. हातपाय तुटलेले जे दिसतात त्यात काहीजण खरोखरच अवयव गमावलेले लोक होते, त्यांना नकली हातपाय लावून ते उडवले. डायरेक्टर स्पीलबर्गने या सीनचा स्टोरीबोर्डसुद्धा, म्हणजे शॉटची आधीची चित्रं, काढला नव्हता. पण म्हणून तुमच्या डायरेक्टरने तसं म्हटलं तर लगेच खूश होऊ नका हां, त्याच्यामागे तेवढी तयारी असावी लागते.

आता कॅमेरा. नॉर्मली सेकंदाला 24 फ्रेम असताना शटर, म्हणजे फ्रेमवर उजेड किती वेळ पडणार ते ठरवणारी झडप, 180 डिग्री असतं, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा 48वा भाग उघडी. कॅमेरामन यानुश कामिन्स्कीने ते 90 आणि 45 वर आणलं, 45 ला तोच आकडा 192वा भाग होतो, त्यामुळे हलण्याचा ब्लर जातो आणि उडालेल्या वाळूचा कण न् कण टोचल्यासारखा दिसतो. लेन्सवरचं कोटिंगही काढून टाकलं होतं, जुन्या लेन्ससारखं दिसावं म्हणून. घरी करून बघा, मोबाईलच्या मॅन्युअल मोडला 24 फ्रेम ठेवा, शटर आधी 1/50 मग 1/200, आणि कोणालातरी मूठभर माती उडवायला सांगा, फरक लगेच कळतो. उन्हातच करा, 45 ला दोन स्टॉप उजेड कमी पडतो, म्हणजे 180 च्या चौथा भागच मिळतो.

मग दुसऱ्यांदा आवाज लावून बघा. पूर्ण लढाईत म्युझिक नाहीये! कानठळ्या बसल्यावर आवाज कसा बधीर होतो ते ऐका.

सेटवर गेल्यावर सगळ्यात वैताग रीसेटचा. वाळू सपाट करा, रक्त पुसा, परत लावा, आणि कोणाच्या हेल्मेटचा पट्टा सुटलेला होता ते आठवा. आठवत बसू नका, कट झाला की माणूस हलायच्या आत फोटो काढा. ब्लास्टच्या जागा लोकांना चालत नेऊन दाखवा, नुसतं वॉकीवर ओरडून चालत नाही. आणि ब्लँक (गोळी नसलेलं, फक्त दारू भरलेलं काडतूस) म्हणजे काही होत नाही असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, जवळून ब्लँकनेही माणूस मरतो.

इअरप्लग स्वतःचे न्या. तिथे मागितले तर मिळतात, पण तोपर्यंत पहिला धमाका होऊन गेलेला असतो.