जुन्या ओम्नीला दुसरं इंजिन: आधी कागद, मग पत्रा, मग पाना

मारुती व्हॅन 1984 साली आली, 1988 पासून तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, गावाकडचे पेशंट, लग्नाचं सामान, सगळं तिनं वाहिलं. आजही कित्येक अंगणांत ताडपत्रीखाली एखादी ओम्नी उभी असते. इंजिन तेल पितं, चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, आणि तरी ती भंगारात द्यायला घरच्यांचं मन होत नाही. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते. रचना सोपी आहे, सुटे भाग मिळतात आणि हिच्यावर हात बसलेले मेस्त्री तालुक्याच्या गावीही आहेत.

गडबड होते ती क्रमात. लोक भंगार बाजारातून इंजिन आणतात, बसवतात, आणि मग कळतं की बुडाचा पत्रा सडलाय किंवा आरटीओ ते इंजिन मान्य करत नाही. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी दोन मोठी कामं उरकायची.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे मूळ रचना बदलण्याविरुद्ध निकाल दिला. विनापरवाना बदल केल्यास प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन बदलायचं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनावर चालणारं इंजिन हा सर्वांत सरळ रस्ता. तरीही पैसे मोजण्याआधी आपल्या आरटीओत अर्ज करून लेखी परवानगी घ्या. एजंटाच्या "होऊन जाईल"वर विसंबू नका. काम झाल्यावर 14 दिवसांच्या आत कळवून आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमतीही लागते. विमा कंपनीला पत्राने कळवायचं, कारण अपघातानंतर इंजिन नंबर जुळला नाही तर क्लेम अडकतो.

जुनं इंजिन विकत घेताना पक्कं बिल हवं आणि त्यावर इंजिन नंबर हवा. ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. इंजिनाच्या ब्लॉकवरचा (मुख्य धडावरचा) नंबर स्वतः पुसून वाचा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त मिळो, ते इंजिन सोडून द्या.

गाडीला 15 वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का तेही याच फेरीत बघून घ्या. जुना एलपीजी किट काढला असेल पण आरसीवर तसाच असेल, तर तोही आत्ताच निस्तरा.

कुठलं इंजिन घ्यावं

ओम्नीचं मूळ इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडरचं, मारुती 800 मध्ये होतं त्याच घराण्यातलं. जुन्या गाड्यांना पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर होता. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसं हेच इंजिन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारं, होऊन आलं. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीसाठी माझी पसंती या एमपीएफआय 796 लाच आहे. ताकद फारशी वाढत नाही, पण थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही, पीयूसीला धाकधूक राहत नाही आणि गाडीची बाकीची यंत्रणा या इंजिनासाठीच बनलेली आहे. कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय हा "त्याच प्रकारचा" बदल मानायचा की नाही, हे आरटीओच ठरवतं. त्यामुळे अर्जात हा फरक स्पष्ट लिहा.

ईको या मारुतीच्याच नंतरच्या व्हॅनच्या इंजिनाची भूल अनेकांना पडते, आणि ते समजण्यासारखं आहे. 2022 पर्यंतच्या ईकोत 1196 सीसी, सुमारे 73 अश्वशक्ती, म्हणजे ओम्नीच्या दुप्पट, पाच गिअर, आणि मांडणीही तशीच, पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीत बसवलेलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद. त्याआधीच्या वर्साचं 1298 सीसीचं इंजिनही असंच बसायचं. चार सिलिंडरचं इंजिन या बॉडीत बसतं याचा पुरावा खुद्द सुझुकीनेच दिलाय: ओम्नी ज्या कॅरी व्हॅनवरून बनली, तिच्या याच पिढीत तिने इंडोनेशियात 970 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन विकलं. तेच इंजिन आपल्याकडे 1985 सालच्या पहिल्या जिप्सीत होतं.

पण सुझुकीने ते कारखान्यात बसवलं, तपासलं आणि मग विकलं. तुम्ही ईकोचं इंजिन घातलंत तर माउंटिंग नवे बनवावे लागतील, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून पुन्हा बॅलन्स करावा लागेल, रेडिएटर आणि सायलेन्सर बदलावे लागतील. ब्रेक तर नक्कीच. त्यात क्षमता बदलल्यामुळे आरसीवरचा सीसीचा आकडाही बदलतो आणि परवानगी मिळणं अवघड होऊन बसतं. लेखी मंजुरी हातात नसेल तर रस्त्यावरच्या गाडीत हे करू नका.

इंजिन निवडताना ते चालू स्थितीत ऐकायला मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासता येतं: तिन्ही स्पार्क प्लग काढा, एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर फिरवा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. तिघांमध्ये एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर पाणी आणि तेल एकत्र होत असल्याची शंका घ्या. इंजिनासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), संपूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा तयार जुडगा), सेन्सर, एअर फिल्टरचा डबा, टाकीतला पंप आणि सायलेन्सरचा पुढचा भाग एकाच गाडीतून घ्या. चावीत चिप असेल तर चावीही. हार्नेस कापलेला असेल तर तो व्यवहार नको. कापलेल्या वायरी जोडत बसण्यात वायरिंगवाल्याचे जे दिवस जातात, त्यापुढे अख्ख्या हार्नेसची किंमत काहीच नाही.

पत्रा

ओम्नीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची चेसिस. त्यामुळे गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नाही. रत्नागिरी-मालवणकडची किंवा मुंबईत उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर जास्तच डोळे उघडे ठेवा.

सगळी मॅटिंग काढा, सीट काढा, गाडी स्टँडवर घ्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला भद्द आवाज देतो आणि टोक रोवलं की आत जातं. पाय ठेवायची जागा, चाकांच्या कमानी, काचेच्या रबराखालची चौकट, छताची पन्हाळ आणि सरकत्या दाराची खालची पट्टी या जागा आधी बघा. या पट्टीत माती आणि पाणी साचतं, आणि पाणी जायची बारीक भोकं बुजली की पत्रा आतून खायला लागतो. बाहेरून रंगाचा फक्त एक फुगवटा दिसतो. तो खरवडला की खाली कधी कधी तळहाताएवढं भोक निघतं.

सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने लावायचा. गंजावर पुट्टी फासून रंग मारणारा पेंटर असेल तर दुसरा शोधा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयू काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाकीला वेल्डिंग करणं हे ओळखीच्या मेस्त्रीनेही घरी करू नये. जोडावर झिंक प्रायमर, त्यावर सीलंट, बुडाला अंडरकोट आणि पोकळ पट्ट्यांत मेण किंवा घट्ट तेलाचा फवारा. बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी.

पत्र्याचं काम चालू असतानाच ब्रेक उरकून घ्या. नंतरच्या ओम्नीला पुढे डिस्क आणि बूस्टर आला. तुमची जुनी चारी ड्रमची असेल तर निदान सिलिंडर, पाइप आणि लायनर नवे घाला. मागच्या स्प्रिंग पाट्यांचे बुश, पुढचे बॉल जॉइंटही बघा.

इंजिन उतरवणं आणि चढवणं

सीट उचलली की इंजिन समोर दिसतं, त्यामुळे ते वरूनच निघेल असं वाटतं. ते गिअरबॉक्ससकट खाली उतरवणं सोपं जातं. गाडी उंच घ्या आणि भक्कम स्टँडवर टेकवा; नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी. पाणी आणि गिअर ऑइल काढा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहा, मोबाइलवर फोटो काढत जा. प्रॉपेलर शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाचा एक आडवा पट्टा मारा, म्हणजे परत लावताना तो त्याच जागी बसेल आणि थरथर येणार नाही.

नवं इंजिन खाली आहे तोवर जे नंतर हाताला येणार नाही ते सगळं करून घ्या: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढची-मागची ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंगची रबरं. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा चरे असतील तर लेथवर हलका कट घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम तासाभरात होतं. क्लच प्लेट बसवताना जुना इनपुट शाफ्ट मध्ये घालून ती केंद्रात आणा, मगच बोल्ट आवळा. नाहीतर गिअरबॉक्स बसता बसत नाही आणि मग कोणीतरी तो बोल्टने ओढून बसवू बघतं. त्यात क्लच प्लेट वाकते.

पेट्रोल आणि वायरिंग

कार्ब्युरेटरच्या इंजिनावरचा यांत्रिक पंप पेट्रोल जेमतेम ढकलतो. एमपीएफआयला अडीच-तीन किलोचा दाब लागतो. म्हणून टाकीच एमपीएफआय ओम्नीची घ्या, आत पंप असलेली. जुने पाइप आणि साध्या क्लिपा चालणार नाहीत; जास्त दाबाचा होज आणि त्याच्याच क्लिपा वापरा. होज सायलेन्सरपासून लांब न्या, पत्र्याच्या कडेला घासणार नाही असा बांधा. सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत पेट्रोलची गळती म्हणजे माणसांच्या खालीच आग.

हार्नेस जसाच्या तसा टाका आणि गाडीच्या जुन्या वायरिंगशी मोजक्याच जागी जोडा: बॅटरीचा थेट प्लस, चावी ऑन केल्यावरच येणारा प्लस, स्टार्टर, चार्जिंग आणि तेलाचे दिवे, तापमानाचा काटा. इंजिन चेकचा दिवा डॅशबोर्डवर हवाच, तोच उद्याचा बिघाड सांगणार. ऑक्सिजन सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी यायला हवा, आणि त्याच्या अलीकडे सायलेन्सरला कुठेही गळती नको.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. ब्लॉकपासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून बॅटरीपर्यंत जाड पट्टी लावा, जोडाखालचा रंग घासून पत्रा उघडा करा. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड कच्चा आहे. गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, सेन्सर बदलूनही फरक पडत नाही, अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

पहिल्यांदा सुरू करताना

नवं तेल, नवा फिल्टर, पाणी-कूलंट भरा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि दहा-दहा सेकंद थांबत थांबत स्टार्टर फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज परत लावा. चावी नुसती ऑन केली की टाकीतून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर स्टार्टर मारू नका, आधी पंपाची वायर शोधा. गुणगुण आली तरी गाडीखाली टॉर्च मारून प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते बघा, अग्निशामक हाताशी ठेवा.

इंजिन धरलं की रेस मारायची नाही. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा आणि हवेचे बुडबुडे संपेपर्यंत पाणी भरत राहा. पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत जागेवरच चालू द्या.

पहिली फेरी घराजवळची, सपाट रस्त्यावरची, रिकाम्या गाडीने. परत आलं की माउंटिंगचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. अलाइनमेंट आणि पीयूसी करून घ्या. मग गाडी घेऊन आरटीओत तपासणीला जा; परवानगीचं पत्र, इंजिनाचं बिल आणि नंबरचा फोटो सोबत ठेवा. आरसीवर नवा नंबर येईपर्यंत लांबचा प्रवास टाळा. हजार किलोमीटरला तेल बदला, फिल्टर कापून बघा: आत धातूची चकाकी दिसली तर बेअरिंग बोलायला लागलंय, तिथेच गाडी थांबवून मेस्त्रीला दाखवा.