घरी बीपी मोजताना या चुका टाळा

मशीनवर शंका घेण्याआधी पट्टा कसा बांधलाय ते बघा. शर्टाची बाही वर गुंडाळली की तिचाच दंडाला फास बसतो, आणि बाहीवरूनच पट्टा बांधला तरी आकडा चुकतो. दंड उघडा हवा, पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवी. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकतील इतकाच तो आवळा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा.

हात मांडीवर ठेवून मोजणारे पुष्कळ. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा 7-8 ने वाढतो. म्हणजे 132 चे सहज 140 होतात! हात टेबलावर ठेवा, कमी पडलं तर खाली उशी घ्या. पाठ टेकलेली, पाऊलं जमिनीवर, पायावर पाय नको. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा आणि मोजताना बोलू नका, ‘किती आलं?’ हेसुद्धा नाही. चहा, कॉफी, सिगारेट किंवा व्यायामानंतर अर्धा तास जाऊ द्या.

एकदा 158/94 दिसलं म्हणून लागोपाठ दहा वेळा मोजू नका, त्या धास्तीनंच ते चढतं. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन रीडिंग घ्या. असं सात दिवस करून पहिला दिवस वगळा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात ही रेघ 140/90 ची धरतात, कारण तिथे अनेकांचं बीपी एरवीपेक्षा चढतं.

‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ हा समज सगळ्यात महागात पडतो. वाढलेलं बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही. त्या काळात हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो, मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या खराब होतात, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका. तो बहुतेक वेळा गोळीमुळेच नॉर्मल असतो. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारी औषधंही ते वाढवतात, तेव्हा ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

180/120 च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना अडखळणं किंवा अंधूक दिसणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी घेऊ नका.