पहिलं जिओकॅशिंग: टीमला फोन एकच पुरे

टीम घेऊन पहिल्यांदाच जिओकॅशिंगला, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा फोनच्या जीपीएसवर शोधायच्या खेळाला निघताय? खेळाच्या ॲपमध्ये प्रत्येक डबा शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, हे दोन्ही १ ते ५ मध्ये दिलेलं असतं. दोन्हीकडे दीडपर्यंतचाच डबा निवडा, तोही मोठा. बोटाच्या पेराएवढ्या डबीपायी नवख्यांचा उत्साह मावळतो. चार-पाच जणांत फोन एकच ठेवा, नाहीतर सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून चालतात. जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतंच. तिथवर पोचलात की फोन खिशात, आणि डोळे कामाला: जरा जास्तच नीट रचलेले दगड, झाडाची ढोली. सापडल्यावर आतल्या वहीत टीमचं नाव नि तारीख लिहा. पेन न्या, तेच हमखास घरी राहतं! आतली वस्तू उचललीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा आणि डबा होता तसाच झाका.