बुडालेल्या गावाचे फोटो कसे काढावेत

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव टिपायचं तर एप्रिल-मे गाठा. भीमेचं पाणी पुरेसं ओसरलं की दगडी देऊळ उघडं पडतं. पण कॅमेरा घेऊन थेट तिकडे जाऊ नका. आधी नव्या गावात म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. "आजी, तुमचं घर देवळाच्या कुठल्या अंगाला होतं?" एवढं विचारलं की पार, आड, शेजारपाजार सगळं निघतं. परवानगी घेऊन ते रेकॉर्ड करा, वहीत त्यांच्याच हातून नकाशा काढून घ्या. मी तो नकाशा धरूनच फ्रेम ठरवते.

३५ मिलिमीटरची लेन्स पुरते; माणूस आणि जागा दोन्ही मावतात. उन्हं चढायच्या आत काम उरका. गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय रुततो, म्हणून मासे धरणाऱ्यांना वाट विचारा. देवळावर चढून फोटो नकोच.

पावसाळ्यानंतर काठावरून त्याच दिशेला पुन्हा फोटो घ्या, नुसतं पाणी दिसलं तरी. दोन्ही प्रिंट आजींना दाखवा. त्या जे बोलतील तेच फोटोखाली लिहा. एक जोडी त्यांच्याकडे ठेवा, मागे पेन्सिलने तारीख आणि जागा लिहून.